स्नोमोबाइलसाठी फोर-स्ट्रोक इंजिन: निर्णय कोणाचा?

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचे बहुतेक रस्ते हिवाळ्यात बर्फाखाली जातात आणि पर्यटक स्नोमोबाइलने फिरतात. टू-स्ट्रोक वाहनांच्या धुरामुळे २००२ च्या सुमारास प्रवेशद्वारावरील कर्मचाऱ्यांना श्वसन-मुखवटे वापरावे लागले होते.

टू-स्ट्रोक इंजिनातून काही इंधन न जळताच बाहेर पडते. शिवाय इंधनासोबत तेलही जळते. फोर-स्ट्रोक इंजिन तुलनेने स्वच्छ, शांत आणि कमी इंधन खाणारे. मात्र जड आणि महाग. डोंगरातील खोल, भुसभुशीत बर्फात हे वजन अडचणीचे ठरते. त्यामुळे तेथील वाहनधारकांची द्विधा मनःस्थिती निराधार नाही.

यलोस्टोनमध्ये मात्र वाहने दाबून सपाट केलेल्या बर्फाच्या रस्त्यांवरूनच धावतात. तेथे डिसेंबर २००४ पासून दररोज ७२० स्नोमोबाइलची मर्यादा, मार्गदर्शकाची सक्ती आणि हायड्रोकार्बनमध्ये ९०, तर कार्बन मोनॉक्साइडमध्ये ७० टक्के घटीचा निकष लागू झाला. तो प्रामुख्याने फोर-स्ट्रोक वाहनांनीच पूर्ण केला. हवा सुधारली, परंतु वाहनांची संख्या घटल्याचाही त्यात वाटा होता.

इंजिनाचा खर्च मालक सोसतो, धूर मात्र इतरांच्या वाट्याला येतो. म्हणूनच सार्वजनिक उद्यानात हा निर्णय केवळ मालकाच्या पसंतीवर सोडता येत नाही.