एकाच नंबरच्या दोन नोटा

खोताच्या वाडीत एका घरात सुका बोंबील भाजला की दहा घरांना कळतं. कचेरीतलं कॉम्प्युटरांचं नेटवर्क म्हणजे तसलीच वाडी. काही सॉफ्टवेअरं तर सुरू होताच नेटवर्कवर आपला नंबर पुकारीत. तोच नंबर दुसऱ्या यंत्रावर सापडला की चालायचं नाकारीत. हल्ली तपासणीचा प्रोग्राम यंत्रागणिक यादी करून लायसन्सांशी ताळा घेतो.

यावर सज्जन मंडळी खवळतात. ‘ही हेरगिरी!’ म्हणे. अहो, एकाच नंबरच्या दोन नोटा आल्या, तर त्यातली एखादी खोटी तर नाही ना, हे कॅशियर तपासतोच. त्याला कोणी हेर म्हणतं? ‘मूळ प्रत जागेवरच आहे, मग चोरी कसली?’ खोट्या नोटा छापणाराही कुणाची खरी नोट उचलत नाही!

कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती झाली. धंद्यासाठी जाणूनबुजून चोरटी प्रत वापरणाऱ्या कोणालाही सात दिवस ते तीन वर्षं कैद. या ‘कोणालाही’मध्ये खुर्चीवरचा कारकूनही आला, ‘साहेबांनी सांगितलं’ हे तिथे चालेलच असं नाही.

पैसे द्यायचे नसतील तर लिनक्स राजरोस फुकट मिळतं. पण नाही! आम्हाला फुकटही हवं, आणि तेही चोरूनच हवं.