घड्याळ पावसात वाचलं, न्हाणीत मेलं

आज पावसाने जरा उघडीप दिलीय. सकाळी खाचरांचे बांध बघून आलो, दोन ठिकाणी खेकड्यांनी भोकं पाडलीत, ती चिखलाने बुजवली. भात बरं आहे. पण आजची नोंद भाताची नाही, मनगटावरच्या घड्याळाची आहे. हसू नका, पुढे वाचा. फवारणी करणाऱ्यांनी तर शेवटपर्यंत वाचा.

पोरगा मानकोलीच्या बाजूला गोडाऊनमध्ये कामाला आहे. गेल्या वर्षी पहिल्या पगारातून त्याने मला स्मार्टवॉच आणलं. अडीच हजाराचं. आमच्या हिशेबाने आवणीला लावलेल्या पाच माणसांची एका दिवसाची मजुरी. खोक्यावर पाण्याचा थेंब छापलेला आणि खाली आयपी 68. पोरगा म्हणाला, "बाबा, हे पाण्यात पण चालतं. काढायचंच नाही."

मी नाहीच काढलं. राब खणताना हातात, चिखलणीला हातात, आवणीचे आठ दिवस कोपरापर्यंत चिखलात. घड्याळाला काही झालं नाही. पुढे थंडी सुरू झाली, बंबातलं कढत पाणी घेऊन आंघोळ व्हायला लागली, आणि महिन्याभरात काचेच्या आतून धुकं धरलं. चार दिवसांनी पडदा काळा. दुकानात नेलं तर म्हणाले, "पाणी गेलंय आत, वॉरंटीत बसत नाही."

आता मला सांगा, जे घड्याळ पाण्यात चालतं म्हणून विकलं, ते पाण्याने बिघडलं तर वॉरंटी का नाही? मी थोडं खोलात गेलो. जे कळलं ते आपल्या भाषेत सांगतो.

खोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ असा. आयपी 67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं टिकतं. आयपी 68 म्हणजे त्याहून जास्त, पण किती ते कंपनी सांगेल तितकं. 5 एटीएम म्हणजे 50 मीटर खोल पाण्याचा जेवढा दाब, तेवढा सोसतं. पण या चाचण्या होतात नव्या घड्याळावर आणि साध्या पाण्यात. साबण नाही, वाफ नाही, घाम नाही. जोराच्या धारेची चाचणी तर वेगळीच असते. आयपी 68 आहे म्हणजे धारेची चाचणी झालीच, असं नाही.

बरेच जण म्हणतात शॉवरच्या दाबाने घड्याळ बिघडतं. ते मला पटत नाही. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 एटीएम. आपल्या स्लॅबवरची टाकी शॉवरच्या वर किती असते? तीन-चार मीटर. म्हणजे अर्धा एटीएम पण नाही. 5 एटीएमच्या घड्याळाला हा दाब किस झाड की पत्ती. मग मारतं कोण? साबण आणि गरमी.

साबणाचं काम शेतकऱ्याला समजवायची गरज नाही. आपण फवारणीच्या पंपात स्टिकर का टाकतो? भाताच्या पातीवर नुसतं पाणी मारलं तर थेंब घरंगळून जातो. स्टिकर टाकला की तोच थेंब पसरतो, पानाला चिकटतो. साबण तेच करतो. नुसतं पाणी ज्या बारीक फटीच्या तोंडाशी अडून राहतं, तिथे साबणाचं पाणी पसरत आत शिरतं. वर साबणाचा थर माईक-स्पीकरच्या भोकांत साचतो तो वेगळा.

दुसरी गरमी. प्लास्टिकच्या बाटलीत गरम पाणी हलवून ओतून द्या आणि लगेच झाकण घट्ट लावा. गार झाली की बाटली आत चेपते. घड्याळाचंही तसंच. कढत पाण्याने आतली हवा फुगते, आंघोळ झाल्यावर गार होऊन आकसते. रबर जरा जरी ढिलं असेल तर बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. ते काचेवरचं धुकं म्हणजे हेच.

आणि तिसरं, ते रबर. घड्याळाच्या आत पाणी अडवायला असतं काय, तर पंपाच्या वायसरसारखी एक बारीक रिंग नाहीतर चिकटपट्टी. पंपाचा वायसर दोन हंगामात कडक होतो हे आपल्याला माहीत आहे. घड्याळाचा पण होतो. अॅपलसारखी महागडी कंपनीसुद्धा लिहून ठेवते की पाण्यापासूनचं संरक्षण कायमचं नसतं, ते दिवसेंदिवस कमी होतं, आणि घड्याळाला साबण-शाम्पू लागू देऊ नका. सॉना, स्टीमरूममध्ये तर घालूच नका म्हणते. मग आपल्या अकलोली-वज्रेश्वरीच्या गरम कुंडात हात वर करून फोटो काढणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं.

माझं भांडण घड्याळाशी नाही, खोक्याशी आहे. कीटकनाशकाच्या बाटलीवर कायद्याने रंगाची खूण असते. लाल, पिवळी, निळी, हिरवी. अक्षर न येणाऱ्यालाही कळतं की लाल म्हणजे सगळ्यात जहाल. आत मराठीतली घडीपत्रिकाही मिळते. मग घड्याळाच्या खोक्यावर थेंबाचं चित्र एवढं मोठं आणि "साबण, गरम पाणी, वाफ चालणार नाही" हे मुंगीएवढ्या इंग्रजीत का? जाहिरातीत माणूस पोहताना दाखवायचा आणि वॉरंटीत पाणी वगळायचं, ही सरळ फसवणूक आहे असं माझं मत आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध तक्रार करता येते. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915 आहे. बिल आणि खोकं जपून ठेवा. मी खोकं चुलीत घातलं होतं, म्हणून गप्प बसलो. तुम्ही तसं करू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अडीच हजार गेले, परत येतील. पण फवारणी करताना घड्याळ हातात असतं ना तुमच्या? पट्ट्याखाली घाम असतो, त्यात औषधाचे थेंब उतरतात. फवारणी झाली की आपण आंघोळ करतो ती अंगावरचं औषध धुवायला. घड्याळ तसंच ठेवून आंघोळ केली तर बरोबर त्या पट्ट्याखालची चामडी धुतली जात नाही. औषध तिथेच दाबून बसतं, ओल्या चामडीवर, रात्रभर. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नाही. औषध नुसतं तोंडावाटेच जात नाही, चामडीतूनही जातं. म्हणून फवारणीला निघताना घड्याळ घरी ठेवा. चुकून राहिलंच तर आधी काढा, मनगट साबणाने चोळून धुवा, आणि पट्टा वेगळा धुवा.

एका गोष्टीला मात्र मान देतो. शेजारचे एक काका म्हणाले, "म्हातारं माणूस मोरीतच घसरतं, तेव्हाच घड्याळ हातात हवं." बरोबर आहे त्यांचं. काही महागड्या घड्याळांत पडल्याचं ओळखून घरच्यांना कळवायची सोय असते. स्वस्त घड्याळांत बहुधा नसते, आधी खात्री करा. ज्यांच्या घरी तसं घड्याळ आहे त्यांनी म्हाताऱ्या माणसाच्या हातात ते राहू द्यावं. पाणी कोमट, साबण त्या हाताला शेवटी, मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं पुसायचं. माणसापुढे घड्याळाची किंमत नाही.

बाकी आपल्यासारख्यांनी आंघोळीला घड्याळ काढावं. पावसात भिजलं तर भिजू द्या. चिखल लागला तर साध्या गार पाण्याने धुवा. पुसून पूर्ण कोरडं झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, मागच्या पिना गंजतात. काचेच्या आत धुकं दिसलं तर त्याच दिवशी बंद करा आणि दुकान गाठा, चुलीजवळ शेकत बसू नका.

माझ्या वडिलांकडे चावीचं एचएमटी होतं. न्हाणीच्या दाराला एक खिळा होता, आंघोळीआधी घड्याळ त्या खिळ्याला. ते घड्याळ अजून चालतं. खिळा पण आहे. पोराने यंदा परत घड्याळ आणलंय, ते आता तिथेच लटकतं.

तुमच्या घड्याळाचं काय झालं ते खाली लिहा. उद्या पाऊस नसला तर बेणणीला लागायचंय.