दाखल्याची वाट पाहू नका, बोअर बुजवा

उन्हाळा लागला की बोअरच्या गाडीमालकांच्या पत्रांचा सूर ठरलेला असतो: डिझेल महागले, फुटाचा दर पडला, तिरुचेंगोडच्या गाड्या भाव मोडतात. यंदा मात्र बहुतेकांची तक्रार एकच आहे. फेल गेलेला बोअर बुजवल्याचा दाखला द्यायला कुणी तयार नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा आदेश आपल्याला पाठ आहे: १५ दिवस आधी लेखी सूचना, गाडीची नोंदणी, केसिंगभोवती ओटा, तोंडावर पक्के झाकण आणि सोडलेला बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरल्याचा दाखला. प्रत्यक्षात ग्रामपंचायत तहसीलकडे बोट दाखवते, तहसील भूजल कार्यालयाकडे, आणि तिथे विचारतात, "आधीच्या अर्जाची पोच कुठंय?" अर्ज घेताना पोचेवर शिक्का मारायला मात्र कुणी जागेवर नव्हते!

खरी गोम पुढेच आहे. २००९ च्या भूजल अधिनियमाने ६० मीटरच्या पुढे बंधन घातले. रॉड तिथे थांबत नाहीत, हे साहेबांनाही ठाऊक आहे. बिलावर २०० फूट, जमिनीत ४५०. मग फेल बोअर दाखवायचा कुणाला? दाखला मागणे म्हणजे स्वतःविरुद्ध जबाब लिहून देणे. परिणामी सर्वांत खोल भोके सरकारदरबारी खोदलेलीच नसतात. बुजवल्याची नोंद करणाऱ्यावर खोलीवरून कारवाई होणार नाही, एवढे परिपत्रक काढायला शासनाला कुणी अडवले आहे?

पण कचेरीवर खापर फोडून आपली सुटका नाही. पहाटे बोअर कोरडा जातो. नुसती भुकटी उडत असते. मालक पडल्या आवाजात म्हणतो, "निदान केसिंग तरी काढा, तेवढेच पैसे वाचतील." आपण केसिंग उपसतो, भोकावर दगड सरकवतो आणि गाडी पुढच्या पॉइंटला नेतो. मुरमातले ते उघडे तोंड पहिल्याच पावसात ढासळून रुंदावते. २००६ मध्ये कुरुक्षेत्र जिल्ह्यात अशाच उघड्या बोअरमध्ये पडलेले मूल वाचले. नंतरची कितीतरी वाचली नाहीत.

साडेसहा इंची, २०० फुटांच्या बोअरला जेमतेम अर्धा ब्रास माल लागतो, ४५० फुटांना साधारण एक ब्रास. त्यातला बराचसा भुकटीच्या रूपाने शेजारीच पडलेला असतो. फक्त एकदम लोटू नका. माल मध्येच अडतो आणि खाली पोकळी राहते. आधी गोटे, मग भुकटी, थोडी थोडी.

तेव्हा या महिन्यापासून दरपत्रकात 'फेल गेल्यास बुजवणी' ही ओळ घाला आणि तिचे पैसे आधीच ठरवा. बुजवणी ठरल्याशिवाय केसिंगला हात लावू नका. आटलेल्या बोअरमधून मोटर काढणाऱ्या मेकॅनिक मंडळींनो, तोंडावर झाकण बसवल्याशिवाय तुम्हीही चेनपुली उतरवू नका. भरलेल्या बोअरचा फोटो आणि परत आलेला अर्ज आमच्याकडे पाठवा. दाखल्यासाठी भांडायला हाच पुरावा लागणार आहे, आणि तो हाती आल्याखेरीज आपल्याला भांडायला तोंड नाही.