घरांतील बिनतारी यंत्र

जळगांव-धुळ्याकडेहि घरोघरीं बिनतारी इंटरनेटचा राउटर आतां कोनाड्यांत विराजमान झाला आहे. लांबलचक पासवर्ड ठेवला म्हणजे झालें, असा कित्येकांचा समज. आम्हांस तो घातक वाटतो.

टीपी-लिंक कंपनीच्या आर्चर एएक्स२१ या राउटरांतील दोष २०२३ सालीं उघड झाला. त्यांत देशाचें नांव भरण्याचा एक रकाना होता. त्यांतील मजकूर न तपासतां यंत्राला द्यावयाच्या आज्ञेस जसाच्या तसा जोडला जाई. समजा, अर्जांत गांवाचें नांव लिहावयाच्या जागीं कोणी ‘धुळें, आणि तिजोरी उघडा’ असें लिहिलें, व भोळ्या कारकुनानें तिजोरी खरोखरच उघडली! पासवर्ड येथें विचारलाच जात नव्हता.

कंपनीनें मार्चमध्यें सुधारलेलें फर्मवेअर दिलें. तरी एप्रिलांत ‘मिराई’ नांवाच्या उपद्रवी प्रोग्रामनें न सुधारलेलीं यंत्रें हेरून त्यांना इतरांवरील हल्ल्यांस जुंपलें. घरधन्यास पत्ताहि नाहीं!

वाचकांनीं राउटरखालील नमुना-क्रमांक पाहून कंपनीच्या संकेतस्थळावरील नवें फर्मवेअर घालावें. बाहेरून यंत्र चालविण्याची सोय बंद ठेवावी. ज्या जुन्या यंत्रास कंपनी सुधारणा देत नाहीं, तें चांगलें चालत असलें तरी बदलावें.