वेगाला लेखी संमती

सागरी किनारा मार्गाचा पहिला टप्पा ११ मार्च २०२४ रोजी खुला झाला, तेव्हा वरळीहून मरीन ड्राइव्हला काही मिनिटांत पोहोचण्याचे सुख मुंबईकरांनी मनापासून उपभोगले. त्या सुखात मध्यरात्रीनंतर एक निराळा वर्ग सहभागी झाला. ब्रीच कँडी परिसरातील रहिवाशांची झोप मोडू लागली, तक्रारी झाल्या, पोलिसांच्या नाकाबंद्या झाल्या. मार्गावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे, कॅमेरे आहेत. तथापि दोन कॅमेऱ्यांमधले अंतर किती, हे या मंडळींना वाहतूक खात्याइतकेच ठाऊक असते. आणि हे काही नव्याने उद्भवलेले नाही. याआधी वरळी सीफेस होता, मरीन ड्राइव्ह होता, वांद्रे रेक्लमेशन होते. रस्ता नवा झाला की शर्यत तेथे स्थलांतर करते, इतकेच.

या शर्यतींविषयी आम्हाला लवमात्र सहानुभूती नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर अंतर तोडते. अनपेक्षितपणे समोर कोणी आले तर सर्वसाधारण चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद सहज निघून जातो. म्हणजे गाडी थांबण्याचा प्रयत्न सुरू होण्यापूर्वीच ५० मीटर रस्ता मागे पडलेला असतो. त्या ५० मीटरांत गिरगावात पहाटे दूध टाकायला निघालेला सायकलस्वार असू शकतो, परळच्या एखाद्या रुग्णालयाबाहेर पदपथावर निजलेले, बाहेरगावाहून आलेल्या रुग्णाचे नातेवाईक असू शकतात. त्यांनी या शर्यतीत भाग घेतलेला नसतो. पंचवीस वर्षांच्या तरुणाला स्वतःचा जीव स्वस्त वाटत असेल, पण दुसऱ्याच्या जिवाची किंमत ठरवण्याचा अधिकार त्याला कोणी दिलेला नाही.

परंतु कायदा काय म्हणतो, हे एकदा बारकाईने वाचण्यासारखे आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला वा मालकाला तर याच दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंतची कैद आणि पंचवीस हजारांचा दंड ठेवला आहे. हे सर्व योग्यच आहे. मात्र कलमाच्या आरंभी चार शब्द आहेत, त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही: ‘राज्य शासनाच्या लेखी संमतीविना’. कायदा करणाऱ्यांनी शर्यतीवर सरसकट बंदी घातलेली नाही. संमतीचे एक दार त्यांनी जाणीवपूर्वक ठेवले. ते उघडण्याची तसदी आपण फारशी घेतलेली नाही.

ज्या खेळाला ड्रॅग रेस म्हणतात तो आहे तरी काय? दोन गाड्या, दोन समांतर पट्टे, पाव मैलाचे म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे सरळ अंतर. वळण नाही, एकमेकांना कापून जाणे नाही. वर्णन ऐकून हा बालिश प्रकार वाटतो. उजव्या पायाने पेडल दाबून धरायचे, यात शिकण्यासारखे काय, असा प्रश्न आम्हालाही पडला होता. ज्याने गिअरची साधी गाडी घेऊन हा प्रकार रीतसर शिकायला घेतला आहे, त्याला उत्तर पहिल्याच सकाळी मिळते.

लालबागच्या पुलाच्या चढावर गणपतीच्या दिवसांत अडकलेल्या प्रत्येकाला ‘हाफ क्लच’ म्हणजे काय हे ठाऊक आहे. दादरला शिवाजी पार्कभोवती ‘एल’ लावलेल्या गाडीत बसून आपण जे शिकलो, तेच येथे पुन्हा, पण सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या हिशेबाने शिकावे लागते. इंजिनाचे फेरे फार चढवून क्लच एकदम सोडला तर चाके जागच्या जागी फिरतात, रबर जळते, आवाज मोठा होतो आणि गाडी मागे राहते. फेरे फार कमी ठेवले तर इंजिन गुदमरते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना मिळते, आणि गाडीने झेप घेतली की तिचा भार मागे सरकतो. ज्या चाकांना पकड हवी तीच नेमकी हलकी होतात. म्हणून नवशिक्याला सांगतात की आरंभी क्लच घाईने सोडू नकोस, तो जिथे धरतो तो बिंदू पायाला ओळखू दे, वेग नंतर येईल. रस्त्यावरची शर्यत ज्या तडाख्याने सुरू होते, तो तडाखा येथे अडाण्याची खूण ठरतो.

गिअरचेही तसेच. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना हात थरथरला आणि दांडा दुसऱ्यात पडला तर चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात आणि एका क्षणात झडपा पिस्टनवर आपटतात. घाई झाली की हात दांडा खेचतो, तो खेचायचा नसतो, ठेवायचा असतो. आपल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे चालक स्टिअरिंगखालच्या दांड्याने पद्मिनीचे चार गिअर ज्या अलगदपणे बदलत, ते आठवावे. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या त्या गाडीची शेवटची टॅक्सी २००३ साली ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. आता आपोआप गिअर बदलणाऱ्या गाड्या आल्या आहेत, विजेच्या गाड्यांना तर बहुधा गिअरच नसतात. तरीही गिअरच्या गाडीवर जो शिकतो त्याच्या हातापायांना यंत्राचे मन कळते, असे जुने मेकॅनिक सांगतात आणि ते खोटे नसावे.

साधी लहान गाडी हे ४०२ मीटर सुमारे अठरा सेकंदांत कापते आणि रेषा ओलांडताना तिचा वेग ताशी १२० च्या आसपास असतो. म्हणजे शिक्षणाचा अवघड भाग त्यानंतर येतो: सरळ रेषा न सोडता, ब्रेकवर उभे न राहता, गाडी हळूहळू थांबवणे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर चौपट होते, म्हणून रीतसर ठिकाणी शर्यतीच्या अंतराहून थांबण्यासाठी राखलेले अंतर मोठे असते. शहरातल्या कोणत्या रस्त्यावर ते मिळणार? तिथे पाव मैल संपतो तिथे सिग्नल असतो.

या खेळाचा एक प्रकार तर आम्हाला विशेष मनोज्ञ वाटला. त्यात प्रत्येक चालक आपली गाडी किती सेकंदांत जाईल ते आधी जाहीर करतो. संथ गाडीला तेवढ्या फरकाने आधी सोडतात. जो स्वतःच्या जाहीर केलेल्या वेळेपेक्षाही कमी वेळात पोहोचतो, तो सामान्यतः हरतो! बापाने घेऊन दिलेल्या परदेशी गाडीचा येथे काही उपयोग नाही. परळच्या गॅरेजमध्ये काम करणारा मुलगा पंधरा वर्षांच्या जुन्या गाडीत बसून तिला हरवू शकतो, कारण प्रश्न गाडी किती वेगवान आहे हा नसून तुम्ही तिला किती ओळखता हा असतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर हीच बेबंदशाही होती. १९५० मध्ये सांता ॲना येथे विमानतळाच्या एका धावपट्टीवर शर्यती भरू लागल्या, १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि १९५४ पासून तिची माणसे गावोगाव फिरून मुलांना रस्त्यावरून पट्टीवर आणू लागली. तिथल्या रस्त्यांवरच्या शर्यती त्यामुळे संपल्या असे नव्हे. पण ज्याला शिकायचे होते त्याला जाण्यासाठी जागा झाली.

अमेरिकेचे राहू द्या. विदर्भातला शंकरपट म्हणजे दुसरे काय आहे? सरळ धाव, शेजारी दोन जोड्या, सेकंदाच्या अंशापर्यंत वेळेची मोजणी. बैलांच्या शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंदी घातली. मग महाराष्ट्राने कायदा केला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. दहीहंडीची कथा याच शहरातली. दादर, लालबाग, गिरगावात थर चढत गेले, पोरे पडत गेली, न्यायालयात दाद मागितली गेली, चौदा वर्षांखालील मुलांना वर न चढवण्याचे बंधन आले आणि २०२२ मध्ये शासनाने तिला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना विम्याचे कवच दिले. या दोन्ही खेळांपाठीमागे मते आहेत, म्हणून शासनाची लेखणी चालली, असे कोणी म्हटल्यास आम्ही वाद घालणार नाही. पण लेखणी चालू शकते, एवढे तर त्यातून सिद्ध झाले.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरोखर वजनदार आहे. गिरण्यांच्या जमिनींपैकी मोकळ्या जागेसाठी जो वाटा मिळायचा होता, तो २००१ च्या नियमबदलाने आक्रसला. लालबागच्या मुलांना आज क्रिकेटला मैदान नाही, आणि तुम्ही मोटारवाल्यांसाठी जागा मागता? आम्ही कायमची जागा मागत नाही. २००४ पासून बहुतेक वर्षी मॅरेथॉनसाठी शहरातले प्रमुख रस्ते काही तास बंद होतात आणि शहर कोसळत नाही. सागरी मार्ग मात्र यासाठी नको, कारण त्याला लागून माणसे झोपलेली असतात. शिवडीचे नाव कोणी सुचवील, तर तेथे क्षयरोग्यांचे रुग्णालय आहे आणि हिवाळ्यात खाडीवर रोहित पक्षी उतरतात. म्हणून शहराबाहेरची धावपट्टीच बरी. लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर गेल्या दशकात अशा शर्यती झालेल्या आहेत. मात्र त्या हौशी आणि सधन लोकांच्या वार्षिक मेळाव्यासारख्या होत्या, गॅरेजमधल्या मुलाला तेथे रोज शिकता येणार नव्हते.

शासनाने करायचे आहे ते थोडे आहे. नियमित प्रवासी विमाने न उतरणारी एखादी धावपट्टी ठरवावी. हेल्मेट, गाडीची तपासणी, रुग्णवाहिका, विमा आणि वयाची अट घालावी. शुल्क एवढे ठेवावे की दुचाकीवर कामाला जाणाऱ्यालाही ते परवडावे. नवशिक्याला पहिल्या काही फेऱ्या एकट्यानेच, शेजारी कोणी नसताना करू द्याव्यात. आणि ज्याला रस्त्यावर शर्यत लावताना एकदा पकडले, त्याला या पट्टीवर वर्षभर प्रवेश नको. पाच हजारांच्या दंडापेक्षा ही शिक्षा अधिक झोंबेल. महिन्यातून एका सकाळने आरंभ करता येईल, पावसाळ्याचे चार महिने तर आपोआपच वगळले जातात.