शाप कोणी दिला?

अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम वसंत ऋतूत सुरू होतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. एवढ्या सामन्यांच्या गर्दीत एखादा सुटलेला झेल किंवा पंचाचा एखादा चुकलेला निर्णय कोणाच्या फारसा लक्षात राहत नाही. हंगामाची सरासरी सगळे पोटात घालते. ऑक्टोबर उजाडला, प्लेऑफचे सामने सुरू झाले, की हा हिशेब उलटतो. एकेका चेंडूला अख्ख्या वर्षाचा भार पेलावा लागतो, आणि उन्हाळाभर आकडेवारीचा असलेला खेळ एकाएकी कथेचा होतो. पिचरला वेळीच का बदलले नाही, पंचाला दिसत नव्हते काय, त्या प्रेक्षकाने हात पुढे का केला, हे वाद मग मैदानात सुरू होऊन घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालतात. या वादांना आणि त्यांमागच्या वैराला अमेरिकेतल्या लेखक-प्राध्यापकांनी फार लाडावून ठेवले आहे, असे माझे मत आहे. कारण कथेची भूक भागवण्यासाठी इथे अनेकदा एका जिवंत माणसाला खलनायक करावे लागते, आणि कथा सुंदर आहे म्हणून आपण त्या माणसाकडे पाहत नाही.

सर्वांत गाजलेले वैर बॉस्टन आणि न्यूयॉर्क यांचे. बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने १९०३ ते १९१८ या काळात पाच वेळा वर्ल्ड सिरीज जिंकली होती. १९१९ च्या डिसेंबरअखेर संघमालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथ हा आपला खेळाडू न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला एक लाख डॉलर्सना विकला. बातमी जाहीर झाली ती १९२० च्या जानेवारीत. तोवर एकही विजेतेपद नावावर नसलेल्या यांकीजनी १९२३ मध्ये पहिले मिळवले आणि २००० सालापर्यंत त्यांची संख्या २६ वर नेली. बॉस्टनच्या वाट्याला या काळात शून्य. तेही कसे, तर १९४६, १९६७, १९७५ आणि १९८६ या चारही वेळी वर्ल्ड सिरीज सातव्या, म्हणजे शेवटच्या सामन्यापर्यंत नेऊन. यांकी स्टेडियममध्ये बॉस्टनचा संघ आला की हजारो कंठांतून एकच घोष उठे: ‘एकोणीसशे अठरा!’ एका सनावळीची शिवी व्हावी, हे दृश्य भाषेच्या अभ्यासकाला मोह पाडणारे आहे खरे.

या पराभवांचे स्पष्टीकरण म्हणून ‘बॅम्बिनोचा शाप’ ही कथा प्रचारात आली. (बॅम्बिनो हे रूथचे टोपणनाव.) ती ऐंशी वर्षे लोकमानसात झिरपत आलेली लोककथा आहे असा समज असतो. वस्तुतः डॅन शॉनेसी या बॉस्टनच्या क्रीडापत्रकाराचे त्या नावाचे पुस्तक १९९० मध्ये आले आणि त्यानंतरच हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला. म्हणजे शाप तरुण आहे, त्याची दंतकथा तेवढी म्हातारी. आपल्या पुराणांतला शाप पाहा. तिथे शाप देणारा असतो, ज्याला मिळतो तो असतो, अपराध सांगितलेला असतो आणि बहुधा उःशापही असतो. परशुरामाने कर्णाला शाप का दिला हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. बॉस्टनच्या शापाला उच्चारणारे तोंडच नाही. रूथने कोणाला शाप दिला नव्हता. ही कथा शेवटाकडून आरंभाकडे लिहिली गेली: आधी पराभव साठले, मग त्यांना पुरेल एवढे जुने पाप शोधण्यात आले. गोष्ट आणि कथानक यांतला फॉर्स्टरचा भेद आपण वर्गात शिकवतो. ‘नंतर’च्या जागी ‘म्हणून’ कसे येऊन बसते याचे याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही.

फ्रेझी हे नाट्यनिर्मातेही होते. ‘नो, नो, नॅनेट’ या संगीतिकेसाठी पैसा हवा म्हणून त्यांनी रूथला विकले, असे बॉस्टनचे चाहते सांगत आले. ती संगीतिका ब्रॉडवेवर आली १९२५ मध्ये. ज्या नाटकावर ती बेतली होती ते मात्र १९१९ च्या डिसेंबरात रंगभूमीवर आले होते; एवढ्या धाग्यावर सगळे वस्त्र विणलेले आहे. पण कलेच्या नादी लागून घर विकणारा मालक ही व्यक्तिरेखा इतकी बेतशीर, की तिची तारीख कोण तपासणार?

इथवर हे सारे निरुपद्रवी वाटेल. पण शापकथेने काय झाकले तेही पाहिले पाहिजे. १९४५ च्या एप्रिलमध्ये जॅकी रॉबिन्सन आणि आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना बॉस्टनच्या फेनवे पार्कवर चाचणीसाठी बोलावण्यात आले. चाचणी झाली, नंतर संघाकडून काहीही कळवण्यात आले नाही. रॉबिन्सन १९४७ मध्ये ब्रुकलिनच्या डॉजर्सकडून खेळला आणि त्याने खेळाचा इतिहास बदलला. रेड सॉक्सने आपला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरवला तो १९५९ मध्ये; तेव्हाच्या सोळा संघांत सर्वांत शेवटी. गुणवान खेळाडूंचा एक अख्खा साठा बारा वर्षे स्वतःहून नाकारणाऱ्या संघाला पराभवासाठी भुताची गरज नव्हती. हॉवर्ड ब्रायंट यांनी ‘शट आउट’ या २००२ च्या पुस्तकात हा इतिहास सविस्तर मांडला आहे. संघाचे दीर्घकाळचे मालक टॉम यॉकी यांचे नाव फेनवेलगतच्या रस्त्याला होते. ते २०१८ मध्ये काढून जुने नाव परत देण्यात आले. शापाची कथा शंभर वेळा सांगितली गेली तेव्हा ही दुसरी कथा किती वेळा सांगितली गेली? शापात अपराधी एकच आणि तोही कधीचा मेलेला. वर्णभेदाच्या कथेत अपराधी पुष्कळ, आणि त्यांतले काही प्रेक्षागारातही बसलेले.

आता १९८६ चा ऑक्टोबर. न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाविरुद्ध, मेट्सविरुद्ध, वर्ल्ड सिरीजमध्ये बॉस्टन ३-२ असे पुढे. सहाव्या सामन्याच्या दहाव्या डावात ५-३ अशी आघाडी, मेट्सचे दोन गडी बाद, तळांवर कोणी नाही. विजय एका गड्यावर आलेला. मग लागोपाठ तीन फटके बसले, एक धाव आली, पिचर बदलला, नव्या पिचरचा चेंडू भरकटला आणि बरोबरी झाली. त्यानंतर मूकी विल्सनने मारलेला साधा सरपटी चेंडू पहिल्या तळावरच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला आणि मेट्स जिंकले. बकनरचे घोटे दुखावलेले होते; आघाडी असली की अखेरच्या डावांत त्याच्या जागी दुसरा खेळाडू पाठवण्याचा प्रघात होता, तो व्यवस्थापकाने त्या रात्री पाळला नाही. सातवा सामना शिल्लक होता. त्यातही बॉस्टनने ३-० अशी आघाडी घेतली आणि ती गमावली.

पण लोकांना आठवते ते असे: बकनरच्या पायांतून चेंडू गेला आणि वर्ल्ड सिरीज गेली. स्टीफन जे गूल्ड या पुराजीवशास्त्रज्ञाने नेमक्या याच विस्मरणावर एक निबंध लिहिला आहे. चेंडू सुटला तेव्हा बरोबरी आधीच झालेली होती. तो अडवला असता तर सामना फक्त पुढे चालला असता. हे साधे तथ्य चांगल्या जाणकारांच्या लेखनातूनही गळून जाते, याकडे तो लक्ष वेधतो. (गूल्ड स्वतः बॉस्टनजवळ राहून यांकीजचा चाहता, ही त्यातली गंमत.) त्याने दोष मानवी मनाच्या कथाप्रिय घडणीला दिला. मला तेवढ्यावर थांबवत नाही. घडण सर्वांचीच तशी असेल, पण ती कथा छापणारे, शीर्षक देणारे आणि दरवर्षी ऑक्टोबरात पुन्हा दाखवणारे हात थोडे असतात आणि त्यांना निवड करता येते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शारजात जावेद मियांदादने शेवटच्या चेंडूवर षटकार मारला, त्यानंतर चेतन शर्माचे आपण काय केले ते मराठी वाचकाला सांगायला नको. पुढच्याच वर्षी त्याने नागपूरला विश्वचषकातली पहिली हॅट्‌ट्रिक घेतली. नाव निघाले की तरीही आधी शारजाच आठवते.

खेळाडू निदान पगारी असतो, मैदानात उतरताना त्याने काही पत्करलेले असते. प्रेक्षकाचे काय? १९९६ च्या ऑक्टोबरात यांकी स्टेडियममध्ये बाल्टिमोरविरुद्धच्या सामन्यात डेरेक जीटरने मारलेला उंच चेंडू उजव्या भिंतीकडे गेला. बारा वर्षांच्या एका मुलाने कुंपणावरून हात पुढे काढून तो आत ओढला. हा सरळ अडथळा होता, पण पंचाने होम रन दिला, बरोबरी झाली आणि यांकीज अकराव्या डावात जिंकले. मुलगा रातोरात शहराचा लाडका झाला. २००३ च्या १४ ऑक्टोबरला शिकागोच्या रिग्ली फील्डवर कब्स संघ ३-० असा पुढे होता. १९४५ नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज गाठायला पाच गडी हवे होते. फ्लोरिडाच्या फलंदाजाचा चेंडू डाव्या कडेच्या प्रेक्षकांकडे आला. अनेकांनी हात पुढे केले, त्यांतल्या एकाच्या हाताला तो लागला, आणि झेलासाठी उडी मारलेल्या मोइसेस अलूला तो मिळाला नाही. पंचाने अडथळा धरला नाही. त्यानंतर कब्सच्या शॉर्टस्टॉपने हातात आलेला सोपा चेंडू सोडला, पिचर कोलमडले आणि त्या एका डावात फ्लोरिडाने आठ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी सातवा सामनाही कब्स हरले.

कृती दोन्हीकडे तीच: आपल्याकडे आलेल्या चेंडूसाठी हात पुढे करणे. उलट नियमाच्या दृष्टीने पाहिले तर पहिली अधिक सदोष. एकाला मिरवले गेले. दुसऱ्याला भर सामन्यात शिव्या आणि अंगावर पेयांचे पेले झेलत सुरक्षारक्षकांच्या कड्यातून बाहेर काढावे लागले, आणि त्याचे नाव दुसऱ्याच दिवशी छापून आले. मी ते इथे लिहीत नाही. वीस वर्षांहून अधिक काळ ते पुरेसे लिहिले गेले आहे. तो चेंडू लिलावात एक लाखाहून अधिक डॉलर्सना विकला गेला आणि २००४ च्या फेब्रुवारीत शिकागोत समारंभपूर्वक स्फोटाने उडवून देण्यात आला. बळीच्या बकऱ्यावरचे रेने जिरारचे विवेचन आपण प्राचीन विधींच्या संदर्भात वाचतो. इथे विधी आधुनिक शहरात झाला, दूरचित्रवाणीवर दिसला आणि लोक हसले.

कोणी म्हणेल, खेळ आहे, वैराशिवाय त्याला चव कसली? मान्य. ‘एकोणीसशे अठरा’ची आरोळी मला आवडतेच, तिच्यात कोणी एकटा पडत नाही. वादही असावेत. २००३ मध्येच, शिकागोच्या त्या रात्रीनंतर दोनच दिवसांनी, बॉस्टनचे व्यवस्थापक ग्रेडी लिटल यांनी ५-२ अशी आघाडी असताना थकलेल्या पेद्रो मार्टिनेझला आठव्या डावात मैदानातच ठेवले. बरोबरी झाली आणि अकराव्या डावात ॲरन बूनच्या होम रनने यांकीज जिंकले. त्या निर्णयावर अजूनही भांडता येते. लिटल यांना निर्णय घेण्यासाठीच नेमले होते, विचार करायला वेळ होता, पर्याय हाताशी होते. ॲरिस्टॉटलच्या ‘हॅमार्शिया’ची चर्चा करायची तर ती अशा ठिकाणी करता येते. अर्धा क्षण आकाशाकडे पाहून हात वर करणाऱ्या प्रेक्षकाला ती लावणे म्हणजे संज्ञेची विटंबना आहे. आणि २०२४ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकीजच्या दोन चाहत्यांनी मूकी बेट्सचे मनगट धरून त्याच्या हातमोज्यातून चेंडू उपटण्याचा प्रयत्न केला, ती पुन्हा तिसरीच जात. तिथे हेतू होता, आणि त्यांना बाहेर काढले ते योग्यच झाले. या तिन्ही गोष्टी एकाच किश्शांच्या पोतडीत टाकल्या जातात, हीच माझी तक्रार.

आणि साहित्यिकांकडेही तक्रारीचा काही भाग जातो. जॉन अपडाइकने १९६० मध्ये टेड विल्यम्सच्या फेनवेवरच्या अखेरच्या सामन्यावर लिहिलेला निबंध आजही उत्तम आहे, कारण त्यात खेळाडू आणि गर्दी यांच्यातले अंतर तो प्रामाणिकपणे मोजतो. येल विद्यापीठातले प्रबोधनकालीन साहित्याचे प्राध्यापक बार्टलेट जियामाटी, जे पुढे येलचे अध्यक्ष आणि १९८९ मध्ये बेसबॉलचे आयुक्त झाले, ते रेड सॉक्सचे चाहते. त्यांच्या १९७७ च्या निबंधाने पराभवाला एक शरद ऋतूतली हुरहूर दिली. त्यांच्यामागून आलेल्यांनी मात्र ती हुरहूर ठोक भावात विकली. पराभव सुंदर ठरला, की पराभवाला कारण ठरलेला माणूस त्या सौंदर्याचा आवश्यक घटक होऊन बसतो. मग त्याची सुटका करणे म्हणजे कलाकृती मोडणे.

२००४ मध्ये बॉस्टनने यांकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून सलग चार सामने जिंकले आणि मग वर्ल्ड सिरीजही जिंकली. २००७ मध्ये पुन्हा. २००८ च्या एप्रिलमध्ये फेनवेवर हंगामातला मानाचा पहिला चेंडू टाकायला बकनरला बोलावले. प्रेक्षक उभे राहिले, टाळ्या थांबेनात, त्याचे डोळे भरून आले. बॉस्टनने त्याला क्षमा केली, असे तेव्हा सर्वत्र लिहिले गेले. कोणत्या अपराधाची? आणि दोन विजेतेपदे मिळाल्यानंतर दिलेली क्षमा एखादे नसते मिळाले तर दिली गेली असती काय? बकनर २०१९ मध्ये वारला, तेव्हा मृत्युलेखांच्या पहिल्याच वाक्यांत तो चेंडू होता; २२ हंगाम आणि २,७१५ यशस्वी फटके त्यानंतर.

शिकागोने २०१६ मध्ये, १९०८ नंतर प्रथमच, वर्ल्ड सिरीज जिंकली. पुढच्या वर्षी संघाने त्या प्रेक्षकाला विजेत्यांची अंगठी दिली. त्याने ती स्वीकारली, आपल्या घरच्यांच्या वतीने आभाराचे लेखी निवेदन दिले आणि मुलाखत मात्र कोणालाही दिली नाही.