काचपेटी कोणी पुसली?

अमेरिकेतील हार्टफर्ड शहराच्या वॉड्सवर्थ अथेनियम या कलासंग्रहालयात १९७३ साली मीर्ल लॅडरमन उकेलेस या कलावंत स्त्रीने दाराच्या पायऱ्या पाणी ओतून, गुडघे टेकून धुतल्या. आतली फरशी पुसली. हीच आपली कला, असे तिने जाहीर केले. मातृत्वानंतर, १९६९ साली, तिने एक जाहीरनामा लिहिला होता. स्वयंपाक, धुणे, तान्ह्याचे लंगोट यांतच दिवस सरतो, तर मग हेच काम कलादालनात मांडू, असा त्याचा रोख होता.

याहून मर्मभेदी ठरला तो तेथलाच दुसरा प्रयोग. एका ममीची काचपेटी सफाई कामगाराने पुसली. नंतर तीच उकेलेस यांनी पुसली आणि त्या पुसण्यावर कलाकृतीचा शिक्का मारला. झाले! आता कामगाराचा हात तिला लागता कामा नये. कलावस्तू स्वच्छ करण्याचा अधिकार संग्रहालयाच्या तज्ज्ञ संरक्षकाचा. काच तीच, पुसणेही तेच. बदलले ते करणाराचे स्थान, आणि त्यासरशी श्रमाचे मोल.

चुलीपाशी याहून निराळे काय घडते? खानावळीत रांधलेले अन्न राष्ट्रीय उत्पन्नात धरले जाते, घरी रांधलेले नाही. २०११ च्या जनगणनेने केवळ घरकाम करणाऱ्या स्त्रीस 'काम न करणाऱ्यां'त ढकलले. याउलट केंद्र सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरची बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दररोज सरासरी २८९ मिनिटे घालवितात. ती करणारे पुरुष ८८ मिनिटे. बहुसंख्य पुरुष तर त्यांना हातच लावीत नाहीत. भोंग्याच्या वेळी कारखान्याच्या दारात उभा राहणारा कामगार जेवून, धुतलेले कपडे घालून येतो. ही तयारी फुकटात होते, म्हणून मालकाला त्याची श्रमशक्ती स्वस्त पडते. कोणत्याही ताळेबंदात ही रक्कम सापडणार नाही.

उकेलेस यांनी पुढे १९७९-८० मध्ये न्यूयॉर्कच्या सुमारे ८,५०० सफाई कामगारांशी एकेक करून हस्तांदोलन केले, शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. कृती हृद्य खरी. परंतु आभारांवर चूल पेटत नाही. पाळणाघरे, दारात पाण्याचा नळ, स्वस्त सार्वजनिक भोजनगृहे या मागण्या स्त्री-आघाडीच्या ठरावांपुरत्या न ठेवता कामगार संघटनांनी वेतनवाढीच्या बरोबरीने मालकांपुढे व सरकारपुढे मांडावयास हव्यात. आणि शाखेची सभा लांबल्यावर चहाचे पेले कोण विसळते, हेही कार्यकर्त्यांनी एकदा पाहून घ्यावे.